श. व. केतकर

रात्रीचा दीड. लिब्रेऑफिस रायटरसाठीचं माझं संदर्भांचं एक्स्टेन्शन आज पहिल्यांदाच न कोसळता चाललं. संदर्भखुणेच्या नावातच सगळा तपशील कोंबून ठेवायचा, ही युक्ती झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची. मी ती निमूटपणे उचलली. फाइल वर्डच्या स्वरूपात सेव्ह केली की या खुणा गळतात, हे दुखणंही मग आपसूक आलंच.

ज्ञानकोशकारांचं नाव घालून पाहिलं. श्रीधर व्यंकटेश केतकर. यादीत उमटलं: ‘केतकर, श. व.’ मी हसलो, मग जरा लाजच वाटली. युनिकोडच्या लेखी ‘श्री’ म्हणजे चार तुकडे: श, हलन्त, र, दीर्घ ईकार. माझा कोड पहिला तुकडा घेऊन मोकळा! इंग्रजी नावांवर हे कधी लक्षात आलंच नसतं. हलन्त दिसला की पुढचं व्यंजन सोडायचं नाही, मागून येणारी मात्रा आणि अनुस्वारही घ्यायचा, एवढं शिकवायला तीन तास गेले. आता ‘श्री. व्यं.’ नीट येतं.

पण ज्ञानेश्वर नावाचा लेखक यादीत कुठे लावू? ‘ज’मध्ये, की शाळेतल्या मुळाक्षरांसारखा ‘ह’च्याही पुढे, अगदी शेवटी? मी स्वतः कोशात आधी कुठे शोधतो, तेही आठवेना. चहा गार झालाय.