एका तासाचा गोंधळ

आमच्या घरी लग्न झाले, की पाठोपाठ गोंधळ ठरलेलाच. सोनपेठच्या जुन्या वाड्याच्या अंगणात पाटावर खण अंथरून चौक मांडायचा, त्यावर ज्वारीची पाच धाटे उभी करायची, दिवटी पेटवायची. संबळ घुमला, की आम्ही पोरे घोंगड्या सावरत पुढे सरकायचो. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, साऱ्यांना निमंत्रण जाई. मग आख्यान. जांभूळ आख्यान रंगात आले, की आई चुलीपुढून उठून उंबऱ्यावर येऊन बसे. द्रौपदीच्या मनातले गुपित उघडे पडताना ती पदर तोंडाला का लावते, हे तेव्हा कळत नसे. आरतीपर्यंत तांबडे फुटे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात पुतण्याचे लग्न झाले. सोयीचे म्हणून गोंधळही मंगल कार्यालयातच ठेवला. २००० सालच्या नियमाने रात्री दहाला कर्णे बंद. त्याआधी डीजेलाही वेळ हवा. गोंधळाच्या वाट्याला तास आला. मीच म्हाताऱ्या गोंधळ्यांना म्हणालो, "बाबा, आख्यान राहू द्या. आवाहन अन् आरती करा."

"मालक, पाव्हण्याला बोलवायचं अन् जेवू न घालताच वाटेला लावायचं?" ते हसले आणि पंचावन्न मिनिटांत आटोपले. उरलेल्या पाच मिनिटांचेच मला अधिक वाईट वाटले. बाहेर त्यांचा नातू डीजेच्या गाडीवर तारा जोडत होता.

गोंधळ बुडाला, असे मी म्हणणार नाही. आमच्या परभणीच्या राजारामभाऊ कदमांना लोकांनी गोंधळमहर्षी म्हटले. शाहीर विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान शहरातल्या रंगमंचावर गाजवले. ते योग्यच झाले. पण नाट्यगृहाला दरवाजे पुष्कळ असतात, उंबरा नसतो. आईने बसावे कुठे?

त्याच नवरात्रात बाबांना वाड्यावर बोलावले. दिवेलागणीलाच चौक मांडला. कर्णा नाही, घाई नाही. दहाला संबळ थांबला. आख्यान मात्र तुणतुण्यावर हलक्या आवाजात चालू राहिले. तुणतुणे नातवाच्या हाती होते. तो दोनदा चुकला, दोनदा आजोबांनी डोळे वटारले.

ऐंशी वर्षांची आई उंबऱ्यावर बसली होती. जांभळाची गोष्ट आली आणि तिने पदर तोंडाला लावला. या खेपेला मी मुकाट्याने दुसरीकडे पाहिले.