वही आता आपल्याकडं

हरभऱ्यातल्या सापळ्यांची नोंद ठेवणारा स्वयंसेवक रविवारी रात्री रत्नागिरीला गेला. दोन महिने राहिला, पण अंबाजोगाई धड बघितली नव्हती. म्हणून शेवटचे दोन दिवस त्याला घेऊन फिरलो.

मार्गशीर्षातला योगेश्वरीचा उत्सव चालू, दर्शनाला ही रांग! कोकणातल्या कितीतरी चित्पावन घरांची ही कुलदेवी, त्याच्याही घरची. मुकुंदराजांच्या समाधीवरून हत्तीखान्यात गेलो. दगडातले हत्ती बघून म्हणाला, "काका, हे काय?" म्हटलं, देवीचं लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला आन् वऱ्हाड दगडाचं झालं, असं जुनी माणसं सांगतात.

तो म्हणाला, "फवारणीचंही असंच आहे, काका."

खरंय. हेक्टरी 5 कामगंध सापळे, रोज सकाळी मोजणी. सलग 3 दिवस एका सापळ्यात 8 ते 10 पतंग आले, की घाटेअळीची तयारी करायची. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क. अळी मोठी होऊन घाट्यात तोंड घातल्यावर खर्च वाढतो, गुण येत नाही.

आता मोजायचं कोणी? पोरगं होतं तवर सगळे त्याला विचारायचे. जाताना वही देऊन गेलं. चौघांनी वार वाटून घेतलेत. काल 4 पतंग, आज 6. आकडा चढतोय. उद्या ज्याची पाळी, त्यानं सकाळीच मोजून इथं टाकावं.