डॉक्टर मोबाइलमध्ये, जळजळ भलतीकडे

‘लघवीला जळजळ होते’ हे वाक्य मी कुणा पुरुषासमोर कधी उच्चारलं नव्हतं, आणि बाईसमोरही फार तर कानात. आमच्या घरात ‘उन्हाळी लागली’ एवढं म्हटलं की विषय मिटतो. पुढचं सगळं सब्जा आणि ताक बघून घेतात. तेच वाक्य मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघत, खणखणीत आवाजात, अनोळखी डॉक्टरला सांगायची वेळ आली ती उलव्याला राहायला आल्यावर.

लालबागला होतो तेव्हा डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी होते. माझ्या चेहऱ्यावरूनच ते ओळखायचे आणि कंपाउंडरला पुडी बांधायला सांगायचे. उलवे सिडकोनं वसवलेलं, अजून वसतंच आहे. एका अंगाला नवं विमानतळ, दुसऱ्या अंगाला अटल सेतूचा रस्ता आणि मधे उंचच उंच इमारती. भाजी, दूध, पार्लर, केकचं दुकान सगळं खाली उतरलं की मिळतं. चेहरा बघून ओळखणारा डॉक्टर मात्र गाठीशी वर्षं असल्याशिवाय मिळत नाही.

आणि हे दुखणं लागायला वेळ लागत नाही. माझी नोकरी फोर्टात. खारकोपरला लोकल 2018 च्या नोव्हेंबरात आली, ती पुढे उरणला पोचली 2024 च्या जानेवारीत. त्या गाडीनं सीवूड्स गाठायचं, तिथे हार्बर पकडायची, मग सीएसएमटी. एक गाडी हुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर. वाटेत जायचं कुठे, या हिशेबानं आम्ही बायका सकाळी पाणी बेतानंच पितो आणि ऑफिस येईपर्यंत धरून ठेवतो. मुंबईत बायकांनी 2011 पासून ‘राइट टू पी’ नावाची चळवळ चालवली, ती याच साठी. स्वच्छ, फुकट आणि सुरक्षित मुतारी हा आमचाही हक्क आहे, एवढी साधी मागणी.

मे महिन्यातला रविवार होता. दर पंधरा-वीस मिनिटांनी जावंसं वाटायचं, गेलं की चार थेंब, आणि त्या चार थेंबांची आग डोळ्यांत पाणी आणणारी. ओटीपोटात जडपणा. सासूबाईंनी रात्रीच भिजवलेलं धण्या-जिऱ्याचं पाणी गाळून पुढ्यात ठेवलं. समोरच्या वहिनी दोन गोळ्या घेऊन आल्या. ‘मला मागे हेच झालं होतं, उरल्यात, घेऊन टाका.’ लेक म्हणाली, ‘आई, व्हिडिओवर डॉक्टर मिळतो. मी लावून देते.’

एका मोठ्या हॉस्पिटलची व्हिडिओ ओपीडी होती. नाव, वय, मोबाइलवर आलेला ओटीपी, पैसे, आणि मग ‘आपण रांगेत आहात’. ती रांग दिसत नाही, त्यामुळे पुढे कोण आहे, कुणाला जास्त बरं नाही, काही कळत नाही. मी तेवढ्यात केस विंचरले. कशासाठी, देव जाणे. घर वन बीएचके. हॉलमध्ये सासूबाई टीव्हीसमोर, स्वयंपाकघरात नवरा चहा करतोय. लेकीनं मला बेडरूममध्ये बसवलं, कानात इअरफोन घातले आणि दार ओढून घेतलं. मग लक्षात आलं, इअरफोन घातला की आपण ओरडूनच बोलतो.

पडद्यावर एक तरुण बाई आल्या. आधी स्वतःचं नाव आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक सांगितला, माझं नाव-वय विचारून खात्री केली. मग म्हणाल्या, ‘ताई, खोलीत एकट्या आहात ना? मोकळेपणानं बोलता येईल?’ इतक्या वर्षांत मला हे कुठल्याही दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं. तिथे पडद्यापलीकडे पाच जण बसलेले असतात.

मी सवयीप्रमाणे म्हटलं, ‘जरा त्रास होतोय खाली.’ आणि गप्प बसले. एरवी एवढ्यावर डॉक्टर तपासायला घेतात. त्या हसल्या. ‘मला तपासता येत नाही ना. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसणार.’

मग प्रश्न सुरू झाले. जळजळ लघवी करताना की नंतर? किती वेळा जावं लागतं, रात्री उठावं लागतं का? रंग कसा, गढूळ आहे का, रक्त दिसलं का? अंगावरून पांढरं जातं का, खाज आहे का? हा प्रश्न मला अवांतर वाटला, पण तो नेमका होता. पांढरं जाणं आणि खाज असेल, तर दुखणं बहुधा मूत्राशयाचं नसून योनिमार्गाचं असतं. तिथे लघवीच्या संसर्गाचं प्रतिजैविक देऊन उपयोग नाही, उलट बुरशी वाढायची. शेवटची पाळी कधी, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का? मी पंचेचाळिशी ओलांडलेली, तरी विचारलं. शुगर आहे का, मुतखडा कधी झाला होता का, मूत्रपिंडाचा काही आजार, कुठल्या औषधाची ॲलर्जी? गेल्या सहा महिन्यांत असं झालं होतं का? दिवाळीच्या सुमारास झालं होतं, सब्ज्यानं थांबलं, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

‘थंडी वाजून ताप? उलटी?’ नाही म्हटलं. ‘थर्मामीटर लावा, मी थांबते.’ लावला. ताप नव्हता. ‘आता उभ्या राहा. पाठीमागे, शेवटच्या बरगडीच्या खाली, दोन्ही बाजूंना मुठीनं हलकेच ठोका. कळ येते का?’ दार किलकिलं करून आत बघणाऱ्या नवऱ्याला बायको मोबाइलसमोर स्वतःच्याच पाठीत गुद्दे घालताना दिसली. चहाचा कप घेऊन तो तसाच मागे फिरला.

त्या गुद्द्यांचा अर्थ नंतर कळला. संसर्ग मूत्राशयापुरता असेल तर आग होते, पण माणूस एरवी ठणठणीत असतो. तो वर मूत्रपिंडात चढला की ताप, हुडहुडी, मळमळ आणि कुशीत, पाठीत कळ येते. पहिल्यात पडद्यावरचा डॉक्टर पुरतो. दुसऱ्यात पुरत नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. सगळी मुलाखत याच एका भेदाभोवती फिरत होती आणि माझ्या तोंडून निघणाऱ्या शब्दांपलीकडे त्यांच्याकडे तपासायला काही नव्हतं.

कारणही सांगितलं. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा वीसच्या आसपास. आतड्यात गुण्यागोविंदानं राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू एवढं अंतर सहज कापतो. बहुतेक वेळा गुन्हेगार तोच. त्यामुळे अस्वच्छ राहिलात म्हणून झालं, असं नाही. हे ऐकून मला जे हायसं वाटलं, त्याला औषधाचाच गुण म्हणायला हवा.

साधा संसर्ग पहिल्यांदाच झाला असेल तर लक्षणांवरूनच औषध देता येतं. पण माझं सहा महिन्यांतलं दुसरं, म्हणून लघवीची तपासणी आणि कल्चर सांगितलं, तेही गोळी घ्यायच्या आधी. लॅबमधून निर्जंतुक डबी आणायची, सुरुवातीची धार सोडून मधली धरायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही, आणि तास-दोन तासांत पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. सासूबाईंच्या फ्रिजमध्ये, कैरीच्या पन्ह्याशेजारी! लॅब खालीच होती, वाचलो.

वहिनींच्या गोळ्यांचं विचारलं. स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली. मागे उभी लाल रेघ होती. अशी रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे केंद्र सरकार 2016 पासून सांगतं आहे. ‘या उरल्या म्हणजे त्यांनी कोर्स पुरा केला नाही. आणि या जातीच्या गोळ्यांना आपल्याकडचा ई. कोलाय आता फारसा दाद देत नाही.’ मला दिलं ते नायट्रोफ्युरांटॉइन. पाच दिवस, दिवसातून दोनदा, पोटभर खाऊन. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी दिसेल, घाबरू नका. मूत्रपिंड अधू असेल तर हे औषध चालत नाही आणि वर चढलेल्या संसर्गावर लागू पडत नाही. मघाचे गुद्दे आणि ते सगळे प्रश्न यासाठीही होते. म्हणूनच हे नाव वाचून कुणी परस्पर केमिस्टकडे जाऊ नये.

चिठ्ठी मोबाइलवर आली. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, सही, तारीख. केमिस्ट ती मानेल का, अशी मला धाकधूक. त्यानं क्रमांक बघितला आणि गोळ्या दिल्या. हे सगळं कायदेशीर आहे, ही माहिती मला नवी होती. देशात टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 ला, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. कुठलं औषध व्हिडिओवरच्या पहिल्या भेटीत लिहिता येतं, कुठलं फेरभेटीतच आणि कुठलं मुळीच नाही, याच्या याद्या त्यात आहेत. प्रत्यक्ष या, असं सांगण्याचा अधिकार डॉक्टरला आहे, आणि मला व्हिडिओ नको, प्रत्यक्षच भेटायचं आहे, हे म्हणण्याचा रुग्णाला.

पैसे भरायचे नसतील तर सरकारची ई-संजीवनी आहे. मोहालीच्या सी-डॅकनं बनवलेली ही सेवा 13 एप्रिल 2020 पासून घरबसल्या रुग्णांना खुली झाली, आणि ती मोफत आहे. 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत तिथे दहा कोटी सल्ले दिले गेले. स्मार्टफोन नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रात जायचं, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी पलीकडचा डॉक्टर जोडून देतो.

दुसऱ्या दिवशी आग निम्मी झाली. तीन दिवसांनी कल्चरचा अहवाल आला. ई. कोलाय, आणि चालू असलेलं औषध त्याला लागू. वहिनींच्या गोळीपुढे ‘आर’ होतं, म्हणजे जंतू तिला जुमानत नाही. तो कागद मी वहिनींना दाखवला. त्यांनी उरलेल्या गोळ्या केमिस्टच्या दुकानातल्या डब्यात टाकल्या. पुन्हा तपासणीची गरज नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्रास थांबला की पुरे.

सासूबाईंनी शेवटी विचारलंच, ‘मग माझं पाणी फुकट गेलं?’ नाही गेलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार हा त्रास होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं, तर त्यांचे संसर्ग जवळपास निम्म्यावर आले. झालेला संसर्ग पाण्यानं हमखास जात नाही, पण पुढचा टाळायला पाणीच कामी येतं. आता मी बाटली भरून निघते, आणि लोकल पकडण्याआधी जाऊन येते.

माझं मत विचाराल, तर साध्या उन्हाळीसाठी व्हिडिओवरचा डॉक्टर पुरेसा आहे, अट एवढीच की आपलं तोंड उघडं हवं. फोन लावण्याआधी कागदावर लिहून ठेवा: त्रास कधीपासून, ताप किती, पाळीची तारीख, चालू औषधं, ॲलर्जी, पूर्वी कधी झालं होतं. थर्मामीटर हाताशी ठेवा. ताप, हुडहुडी, उलटी, पाठीत कळ किंवा लघवीत रक्त असेल, बाई गरोदर असेल, रुग्ण पुरुष किंवा लहान मूल असेल, मधुमेह किंवा मुतखडा असेल, तर मोबाइल बाजूला ठेवून दवाखाना गाठा. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि 108 ला फोन केला की रुग्णवाहिका मिळते. दोन दिवसांत गोळीनं उतार पडला नाही, तरीही प्रत्यक्षच जा. आणि आपल्या मुलींना ‘लघवीला जळजळ होते’ हे वाक्य मोठ्याने बोलायला आत्ताच शिकवा.