फुटपाथला चाक ठोकलं, अलाइनमेंट केली, तरी गाडी डावीकडेच वढते

संत्र्यावरच्या कोळशीबद्दल लिहितो म्हणालो होतो, ते पुढच्या वेळी. आज गाडीबद्दल. आपल्या मोर्शी-चांदूर बाजार भागात आता बऱ्याच घरी जुनी का होईना चारचाकी आहे, आणि रस्ते सिमेंटचे झालेत. सिमेंट रोडच्या बाजूचा मुरूम पावसाळ्यात वाहून गेला की कड अर्धी वीत, कुठं पुरी वीत उघडी पडते. शहरात फुटपाथ आणि दुभाजक. चाक कुठं ना कुठं ठोकतेच. ठोकल्यावर काय पाहायचं हे मात्र कोणी सांगत नाही.

आमच्या घरी सेकंडहँड वॅगनआर आहे. वडील ब्याऐंशी वर्षांचे, हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना दर दीड महिन्यानं नागपूरला न्यावं लागते. गाडी घेतली ती मुख्यतः त्याच्यासाठी. परवा मी औषध आणायला चांदूर बाजारला निघालो तर स्टेअरिंग सरळ आहे, पण हात जरा ढिला सोडला की गाडी डावीकडे सरकते. आता रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, पाणी निघून जावं म्हणून. त्यामुळे डाव्या बाजूनं चालताना थोडी ओढ कोणत्याही गाडीला असते. म्हणून रिकाम्या रस्त्यावर मधोमध घेऊन पाहिली. तरी डावीकडेच. ही परीक्षा करायची तर रस्ता चांगला पाहिजे. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजचा विक्रम झाला, तसा गुळगुळीत तुकडा मिळाला तर उत्तम. खड्ड्यांच्या रस्त्यावर काही कळत नाही, गाडी सगळ्याच दिशेनं वढते.

घरी येऊन पाहिलं तर समोरच्या डाव्या रिमच्या कडेला पांढरा ओरखडा. डॅशबोर्डच्या खणात अलाइनमेंटचा कागद, तारीख तीन दिवसांपूर्वीची. पुतण्याला बोलावलं. "काई नाई झालं मोठे बाबा, थोडीशी घासली." मी चारचौघांत काही बोललो नाही. त्याला म्हटलं, सुतळी आण, ओळंबा आण, आणि इथं थांब.

आधी कागद पाहा, कारण अशा कागदानं बरेच जण फसतात. त्यावर तीन गोष्टी असतात. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत आहे की बाहेर. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक उभं आहे की कललेलं. कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेवर वळते ती बाजूनं पाहिल्यावर मागे किती झुकली आहे. सायकलचा चिमटा जसा तिरपा असतो, तसं. त्या झुकण्यामुळेच वळण झाल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येते. आमच्या कागदावर टो हिरवा होता, डाव्या बाजूचे कॅम्बर आणि कॅस्टर लाल. पोराला दुकानात सांगितलं, "झालं काम." लहान गाड्यांमध्ये बहुतेक फक्त टोच नटबोल्टवर कमीजास्त होतो, बाकीचे दोन कारखान्यातून ठरूनच येतात. ते लाल आले म्हणजे काहीतरी वाकलं आहे. टो हिरवा करून दिला की स्टेअरिंग सरळ दिसते, गिऱ्हाईक खूश, आणि वाकलेला भाग तसाच आत राहते.

याचा पुरावा गाडीखालीच मिळते. स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या टाय रॉडला आटे असतात. दोन्ही बाजूंचे उघडे आटे मोजा. आमच्या उजवीकडे बारा निघाले, डावीकडे एकोणीस. एका बाजूनं एवढा फरक म्हणजे चाक जागचं हललं आहे आणि रॉड लांबवून ते झाकलं आहे.

मग गाडी घरासमोरच्या फरशीवर घेतली. पाण्याच्या लेव्हल पाइपनं फरशी सपाट आहे का ते पाहिलं, दोन्ही टायरची हवा सारखी केली, स्टेअरिंग सरळ धरून बांधलं. संत्र्याची लागवड सहा बाय सहा मीटरवर आखताना आपण जे करतो तेच हे काम, माप फक्त मिलिमीटरचं. चारही चाकांच्या मधोमध ओळंबा सोडून खाली चुन्यानं खूण केली. पुढच्या खुणेपासून मागच्या खुणेपर्यंत टेप लावला. डावी बाजू उजवीपेक्षा १७ मिलिमीटरनं आखूड! म्हणजे पुढचं डावं चाक मागं ढकललं गेलं. नंतर ओळंबा चाकाच्या बाहेरून लोंबता ठेवला आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर घेतलं. उजवीकडे फरक २ मिलिमीटर, डावीकडे ९, आणि चाकाचा तळ आत गेलेला. (टायरवर माप घेऊ नका, तो खाली फुगलेला असते. रिमवरच घ्या.)

तळ आत आणि मागं, हे एकाच ठिकाणाकडे बोट दाखवते : लोअर आर्म. बहुतेक लहान गाड्यांना पुढं मॅकफर्सन स्ट्रट असते. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९४० च्या दशकात ही रचना बसवली. वर शॉकअप आणि स्प्रिंग, खाली एकच आर्म. स्वस्त, हलकी, जागा कमी लागते. पण चाकाचा तळ सगळा त्या आर्मवर टांगलेला, आणि कठड्याचा मार नेमका तिथंच जाते. ट्रॅक्टरचा पुढचा आस जाडजूड असते, धुऱ्यावर आदळला तरी सहसा टाय रॉडवर निभावते. कारचा आर्म बऱ्याचदा दाबून केलेल्या पत्र्याचा असते. तो वाकतो आणि वरून कळत नाही.

हे सगळं होईपर्यंत पोरगं बोलतं झालं होतं. अमरावतीत रात्री समोरच्या गाडीनं डिपर दिला नाही, मधे मोकाट गुरं, यानं डावीकडे दाबली आणि चाक फुटपाथच्या कडेवर. सांगितलं तर गाडी हाती देणार नाहीत, अशी भीती. गुरं वाचवली ते बरं केलं, असं मी म्हटलं. पण आजोबांना परवा याच गाडीत न्यायचं होतं, हेही म्हटलं. त्यानं मान खाली घातली.

मग जॅक लावला. जॅकवरच्या गाडीखाली घुसू नका, खाली लाकडी ठोकळे द्या, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाला घड्याळ समजून बारा आणि सहावर धरून हलवलं : ढिलाई नाही, म्हणजे बॉल जॉइंट धरून आहे. तीन आणि नऊवर हलवलं तर टक् आवाज. पुतण्याला टाय रॉडच्या टोकावर हात ठेवायला लावला, ढिलाई तिथंच लागली. शॉकअपवर तेल ओघळलेलं नव्हतं. रबरी बूट फाटला नव्हता. मग रिमजवळ एक काडी रोवून चाक फिरवलं, रिम आतल्या कडेला काडीपासून दूर जाऊन पुन्हा जवळ येत होती. आणि फिरवतानाच टायरच्या आतल्या बाजूला, जी उभ्या माणसाला कधीच दिसत नाही तिथं, लिंबाएवढा फुगवटा दिसला.

मंडळी, एवढं मात्र नीट वाचा. टायरच्या बाजूला फुगवटा म्हणजे आतले दोर तुटले आहेत आणि हवा फक्त रबरावर अडली आहे. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, चौपदरी रस्ता, ऐंशी-नव्वदचा वेग, मागच्या सीटवर म्हातारा माणूस. अलाइनमेंटचा कागद हिरवा असूनही हा टायर फुटला असता तर काय, हा विचार करून त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांना भाड्याच्या गाडीनं नेलं.

पुढं आर्मचा प्रश्न. एका मिस्त्रीनं सांगितलं, "कायले नवीन घेता भाऊ, गॅसवर तापवून सरय करून देतो." धाकटा भाऊही म्हणे, त्यात काय, वखराची पास नाही का आपण तापवून ठोकून घेत! पासेचं वेगळं आहे. लोहार तिला पाणी देते, ती पुन्हा वाकली तर एक दिवस वखर उभा राहील, एवढंच. आर्म तापवला की त्या जागी त्याची ताकद बदलते, तो पुढच्या खड्ड्यात वाकेल की तुटेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि तुटला तर चाक आडवं होते. मी नवा बसवला. सोबत टाय रॉडचं टोक आणि एक टायर. रिम बेंड काढायला न देता बदलली, जुनी पण सरळ मिळाली. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत झालं. शेवटी अलाइनमेंट. हे शेवटीच करायचं असते, पहिले नाही. या वेळी कॅम्बर आणि कॅस्टर न छेडता हिरवे आले, आणि टाय रॉडचे आटे दोन्हीकडे जवळपास सारखे.

पुतण्याला आता गाडी देतो. पण कुठं ठोकली तर आधी थांबून टायरची आतली बाजू मोबाईलच्या उजेडात पाहायची आणि मला फोन करायचा, एवढं कबूल करून घेतलं आहे.

एक गोष्ट अजून पाहतो आहे. साठच्या पुढं पुढून बारीक गुणगुण ऐकू येते. मार बसलेलं बेअरिंग लगेच जात नाही, महिन्या-दोन महिन्यांनी आवाज करते. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकावर येते. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग, कमी झाला तर उजवं. नवा टायर एकाच बाजूला आहे, त्याचाही आवाज असू शकतो, म्हणून या रविवारी पुढची चाकं मागं टाकून पाहणार आहे. आवाज मागं गेला तर टायर, पुढंच राहिला तर बेअरिंग. कोणी यातून गेलं असेल तर खाली लिहा.