चिमणीची धार

एवढ्या धिप्पाड म्हशीचं नाव चिमणी कुणी ठेवलं कुणास ठाऊक. आमच्याकडं आली ती हे नाव घेऊनच. जातीची पंढरपुरी, शिंगं खांद्यावरून मागं पार पाठीपर्यंत गेलेली. गोठ्यात शिरताना मान तिरकी करून आधी एक शिंग आत, मग दुसरं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई उंबरा ओलांडते, तेवढ्या बेतानं.

आबांनी तिला कोल्हापुरातल्या एका गवळ्याकडून आणली. तिची आधीची वेतं गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलेली. तिथं म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, गिऱ्हाईक पेला पुढं करतं आणि गवळी तिथल्या तिथं त्यात धार काढतो. एकाला पेलाभर, मग थांबायचं, मग दुसऱ्याला. असं हप्त्याहप्त्यानं दूध द्यायला सगळ्याच म्हशी राजी नसतात. पंढरपुरीला ते जमतं. रिक्षांचे हॉर्न, पोरांचा कालवा, कशानंच चिमणी बिचकायची नाही. रेडकू जवळ नसलं तरी आबांनी कासेवर पाण्याचा हात फिरवला की पान्हा सोडायची.

आबा बोलायला कंजूष. जेवायला वाढ, लाईट आली का, पेंड संपली. घरात त्यांची वाक्यं एवढीच. रागावले तरी बोलायचे नाहीत, नुसते उठून गोठ्यात जायचे. आईनं त्याचा अर्थ लावून लावून पंचवीसेक वर्षं संसार केला होता.

आमचं गाव प्रयाग चिखली. नद्यांचं पाणी इथं एकत्र येऊन पुढं त्याची पंचगंगा होते, त्यामुळं पूर आम्हाला नवा नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पोराटोरांनाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आई आणि मी आधीच सोनतळीच्या छावणीवर गेलो होतो. आबा जनावरं सोडून यायला तयार नव्हते. गावातले बरेच जण असेच मागं राहिले. बांधलेली म्हैस पुरात दाव्यालाच मरते, मोकळी असली तर पोहते. रात्री पाणी गव्हाणीच्या वर चढलं तेव्हा आबांनी विळ्यानं दावं कापलं. चिमणी पोहत निघाली. तिचं महिन्याभराचं रेडकू निघालं नाही.

ती पलीकडच्या माळावर सापडली, मानेत कापलेल्या दाव्याचा तुकडा तसाच. सोनतळीला पत्र्याच्या आडोशाला बांधली. कास तट्ट फुगलेली, पण सडाला हात लावला की लाथ. आबांनी सरकी पेंड पुढं ठेवली, कोमट पाण्यानं कास शेकली. काही नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं ते असं. म्हशीच्या सडाजवळच्या कप्प्यात दूध अगदी थोडं असतं. बाकीचं वर, बारीक बारीक पोकळ्यांत अडकलेलं. मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटलं तरच ते खाली उतरतं, आणि जनावर भेदरलेलं असलं की नेमकं तेच अडतं. शेजारच्या एकानं आबांना मार्ग सुचवला होता, "एक सुई मारा, दोन मिंटात मोकळी हुईल." चोरून मिळते ती सुई. आबा म्हणाले, "न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "तिला ठरवू द्या."

त्या दिवसांत छावणीवर समुपदेशन करणारी मंडळीही येत. चांगली माणसं होती, उगाच नावं ठेवणार नाही. आबांसमोर खुर्ची घेऊन बसले, मनात काय येतं विचारलं. आबा म्हणाले, "बरं हाय." पुन्हा विचारलं, पुन्हा "बरं हाय." समोरासमोर, डोळ्याला डोळा देऊन बोलायची त्यांना सवयच नव्हती. धार काढताना मात्र माणूस म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून उकिडवा बसतो. तोंड कुणाला दिसत नाही.

तिथंच ते बोलू लागले. रोज पहाटे चरवी गुडघ्यात धरून, हलक्या आवाजात. पत्र्याच्या अलीकडं आई भाकऱ्या थापत असायची आणि मी चुलीपाशी. आधी नुसतं "हूं, हूं, चिमणे" एवढंच ऐकू यायचं. मग एक दिवस स्पष्ट ऐकलं: "त्येचं दावं आधी कापाय पायजे हुतं. तू दुधाची, म्हणून तुजं कापलं."

आई उठली. पिठाचे हात तसेच घेऊन पत्र्याला वळसा घालून गेली आणि पालथ्या बादलीवर बसली. म्हणाली, "अंधार हुता. हाताला लागलं ते कापलं तुमी."

आबांनी डोकं वर केलं नाही. पण "गप बस" असंही म्हणाले नाहीत, जे एरवी म्हणाले असते.

त्या दिवशी चिमणीनं पान्हा सोडला असं काही झालं नाही. दूध उतरलं ते पुढच्या आठवड्यात, तेही पावशेर. पण आईचं बादलीवर बसणं सुरू झालं ते कायमचं. गावात परत गेलो, भिंतींची ओल वाळली, तरी पहाटेची ती बैठक चालूच. आणि मग निघालं काय काय! सगळं चिमणीच्या मार्फत. "चिमणे, इचार ह्यास्नी, माज्या भावाला बारशाला का सांगितलं नव्हतं?" त्यावर आबा: "चिमणे, तिला म्हणावं, सांगितलं हुतं. तिच्याच भावाला रुसायला कारण लागतं." वीस वर्षांपूर्वीचं बारसं, माझंच. मला तोवर वाटायचं, आबांना कुठल्याच गोष्टीचं काही वाटत नाही. त्यांना सगळ्याचंच वाटत होतं, तारीखवार.

चिमणी कान हलवत रवंथ करायची.

पुढं तिला रेडी झाली. शेजारी खरवस वाटला. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या सगरात आबांनी तिला कवड्यांच्या माळा आणि मोरपिसं घालून मोटरसायकलमागं पळवली, आणि मी त्यांना पहिल्यांदा ओरडताना ऐकलं. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा चढलं, ५६ फुटांवर. या वेळी ३९ ची बातमी आली तसे आबा निघाले. रेडी पुढं, चिमणी मागं. रेडीचं दावं त्यांनी मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं. मनगटावर वळ उठले, तरी कुणाच्या हाती दिलं नाही.

म्हातारपणी ती भाकड झाली. भाकड म्हैस म्हणजे दिवसभर वैरण आणि हाती शेण. दुसऱ्या कुणी ठेवली नसती. हेडी दारात आला, भाव बरा सांगितला. आबा हिशेब करत उभे होते. आईच म्हणाली, "ती इकायची न्हाई. आमच्या बोलाचालीची सोय हाय ती." हेड्याला काय कळलं देव जाणे.

गेल्या थंडीत चिमणी गेली. आता दावणीला मुऱ्हा आहे, दुधाला भरपूर, पण स्वभावानं उतावळी. तिच्यासमोर कुणी काही बोलत नाही. आबा आईशी आता थेटच भांडतात. परवा फोनवर आई म्हणाली, "चिमणी हुती तवा निदान आवाज तरी बारीक असायचा ह्यांचा."