छातीवरचा वारा

खंबाटकी घाट चढून माथ्यावर आले आणि वेळ्याच्या उताराला लागले, तोच उजवीकडून वाऱ्याचा तडाखा बसला. १९५ किलोची गाडी हातभर डावीकडे सरकली. मी हँडल आवळलं. गाडी आणखीच डुलायला लागली.

जून २०२२ची गोष्ट. पाऊस अजून उतरला नव्हता, पण पश्चिमेचा वारा सुटला होता. पुण्याहून साताऱ्याला आईकडे निघाले होते. क्लासिक ३५० ही मोटरसायकल घेऊन दोन महिने झाले होते. त्याआधी पंधरा वर्षं स्कूटर चालवली, पण ती शहरात, आणि शहरात इमारतींच्या आडोशाने, सिग्नलला थांबत जाणाऱ्याला वारा असा भेटतच नाही. इथे पुढे काच नाही, आवरण नाही. गोल दिवा, मीटर आणि त्यामागे थेट माझी छाती.

घरी पोचले तेव्हा बोटं बधिर झाली होती. मान वळत नव्हती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. आई काही बोलली नाही. तिने तिळाचं तेल कोमट करून मानेला चोळलं, आणि रविवारी निघताना एवढंच म्हणाली, "बसने जा."

मी गाडीनेच परतले, पण भीती घेऊन. दुसऱ्या दिवशी गाडी मेस्त्रींकडे नेली. म्हटलं, पुढचं चाक तपासा, वाऱ्यात गाडी पळते. त्यांनी चाक पाहिलं, हवा पाहिली, हँडलचं बेअरिंग पाहिलं. सगळं ठीक होतं. मग गाडी मधल्या स्टँडवर घेतली आणि म्हणाले, "ताई, हेल्मेट घालून बसा. रस्त्यावर बसता तशा." मी बसले. त्यांनी हेल्मेटला समोरून तळहात लावून मला मागे रेटलं. "आता चाकाकडे बघा." चाक वळलं होतं. मी मागे रेटली जाताना हँडलला लोंबकळले होते आणि एका हाताची ओढ दुसऱ्यापेक्षा जास्त पडली होती.

"वारं तुम्हाला ढकलतं आणि तुम्ही गाडीला ढकलता," ते म्हणाले. "वारं हातावर घेऊ नका. मांड्यांवर घ्या, पोटावर घ्या."

तेव्हापासून हेच शिकते आहे. गुडघ्यांनी टाकी धरायची. कमरेतून किंचित पुढे झुकायचं, म्हणजे छातीचा उभा पाट तिरका होतो. कोपरं वाकलेली, खांदे सैल, आणि मुठी अशा की बोटं सहज हलवता आली पाहिजेत. बाजूने झोत आला की गाडी थोडी झुकते, तिला झुकू द्यायचं. धावती चाकं गाडीला बऱ्याच अंशी आपणच सावरतात. ताठ हात त्या सावरण्याच्या आड येतात. वाचायला सोपं आहे. अंगात उतरायला मला एक अख्खा पावसाळा लागला, कारण घाबरलेलं शरीर सगळ्यात आधी मुठीच आवळतं.

वाऱ्याचा हिशेबही समजून घेतला, आणि त्याने भीती बरीच कमी झाली. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा भार पडतो, तर १०० ला ४७ किलोचा. समोरून वारा असेल तर तोही वेगात मिळवायचा. मी ८० ने जातेय आणि समोरून ३० चा वारा आहे, तर छातीला लागतो ११० चा वारा, म्हणजे दाब जवळजवळ दुप्पट. त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी ८० वरून ६५ वर येण्यात कमीपणा नाही. पंधरा किलोमीटरचा वेग सोडला की मानेवरचं केवढं तरी ओझं उतरतं.

आडवा वारा मात्र वेगळा अभ्यास मागतो. साताऱ्याहून परतताना पश्चिम डाव्या हाताला असते. ट्रकला उजवीकडून ओलांडताना तोच वारा अडवतो आणि क्षणभर अगदी शांत वाटतं. ती शांतता फसवी. केबिनच्या पुढे सरकलं की अडलेला वारा आणि ट्रकने पुढे ढकललेली हवा, दोन्ही एकदम डावीकडून येतात आणि दुभाजकाकडे लोटतात. म्हणून आता ट्रकपासून भरपूर अंतर राखते आणि केबिन यायच्या आधीच अंग तयार ठेवते. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडतानाही तसंच.

मधे एकदा छोटी काच बसवून पाहिली होती. छातीवरचा दाब खरंच कमी झाला, पण काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली हवा भोवरे घेत नेमकी हेल्मेटवर आदळायची. डोकं थडथडायचं, आवाज असा की साताऱ्याला पोचल्यावरही कानात घुमत राहायचा. उंच माणसाला किंवा मोठ्या काचेमागे वेगळा अनुभव येत असेल. मी दोन फेऱ्यांनंतर ती उतरवली. सरळ येणारा वारा जड असतो, पण एकसारखा असतो, त्याच्यावर रेलून बसता येतं.

सैल कपड्यांचा धडा रेनकोटने दिला. पाचवडजवळ त्याची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली आणि तो शिडासारखा फुगला. गाडी मागे ओढल्यासारखी झाली. तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. १९४८ साली अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रोलंड फ्री नावाच्या स्वाराने विक्रमासाठी धाव घेतली, तेव्हा आधीच्या फेऱ्यांत त्याचे चामडी कपडे वाऱ्याने फाटले होते. शेवटी तो पोहण्याची चड्डी घालून गाडीवर पालथा पसरला आणि ताशी २४० किलोमीटरच्या पुढे गेला. तसलं धाडस कुणीही करू नये, पण फडफडणारं कापड वाऱ्याला किती मोठा हात देतं हे त्या गोष्टीने मनावर ठसवलं. आता अंगाबरोबर बसणारं जॅकेट घालते, पट्ट्या आत खोचते, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळते.

आणि वारा दिसायला लागलाय. आधी तो फक्त लागायचा. पुढच्या ट्रकची ताडपत्री कुठल्या बाजूने फुगलीय, देवळावरचा झेंडा किती ताणलाय, कडेचं गवत कुठे लोळतंय, यावरून पुढच्या अर्ध्या किलोमीटरची खबर मिळते.

घाट चढायच्या आधी पायथ्याच्या खंडाळ्यात चहाला थांबते आणि आईला फोन करते. बसचं नाव ती आता काढत नाही. विचारते, "वेळ्याला वारं असेल का गं?"

मी साताऱ्याकडून आलेल्या ट्रकवाल्याला विचारून सांगते, आहे.

"मग सावकाश ये. भाकरी तू आल्यावर टाकते."