गावापाशी संपणारे रस्ते

काही रस्ते गावातून जातात आणि काही गावापर्यंत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत सायकल चालवताना हा फरक मला आधी पायांना कळला, डोक्याला नंतर. नागपूरहून रत्नागिरीकडे जाणारा महामार्ग नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर अशी गावं ओवत जातो. त्यावरच्या माणसाला पुढच्या गावाची ओढ असते, मधलं गाव त्याच्या लेखी अडथळाच. पण या महामार्गावरून कुठंही आडवं वळावं. मन्याडच्या खोऱ्यात लिंबोटीकडं, कंधारच्या किल्ल्यामागच्या वाड्यांकडं, चाकूरजवळच्या वडवळ नागनाथ बेटाकडं, उदगीरजवळच्या देवर्जनच्या हत्तीबेटाकडं. दोन-तीन किलोमीटरांत ट्रकचा घरघराट मागं पडतो आणि आपल्याच साखळीचा आवाज ऐकू येऊ लागतो.

हे रस्ते निवांत का, याचं उत्तर साधं आहे. त्यांना पुढं कुठं जायचंच नसतं. गाव आलं की त्यांचं काम झालं. पारापाशी, शाळेपाशी किंवा मारुतीच्या देवळापाशी डांबर संपतं आणि पुढं शेताकडं जाणारी पाणंद सुरू होते. गावाशी ज्याचं काम आहे तोच या वाटेला येतो.

सायकलवाल्याला हे ओळखायला नकाशा लागतोच असं नाही. कडेचे किलोमीटरचे दगड वाचता आले की पुरे. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्य मार्गाचा, नारिंगी माथ्याचा ग्रामीण रस्त्याचा. रस्त्यांची ही उतरंड 1943 साली नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनं मांडली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण आज आपल्याकडचे रस्तेही तिच्यातच बसवलेले आहेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 सालच्या डिसेंबरात सुरू झाली. तिच्यातल्या रस्त्याची डांबरी पट्टी एरवी पावणेचार मीटरची, आणि दिवसाकाठी 100 पेक्षा कमी मोटारगाड्या येणार असतील तर तीन मीटरचीही चालते. समोरून ट्रॅक्टर आला की एकानं बाजूपट्टीवर उतरायचं. उतरताना नजरानजर होते, हात वर जातो आणि ओळख नसताना रामराम घडतो.

गोदाकाठचं नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटरवर, तर लातूर 600 मीटरच्याही वर. म्हणजे नांदेडहून निघालेला सायकलवाला नकळत बालाघाटाच्या पठारावर चढत असतो. चढ अंगावर येणारे नाहीत, पण लांबट आहेत. खाली काळी माती. पाणी प्यायली की फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. म्हणून तिच्यावरचा रस्ता फार दिवस सपाट राहत नाही. तो लाटांसारखा वरखाली होतो, त्याच्या कडा ढासळतात. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो आणि लातूरच्या दिशेनं जाणाऱ्याच्या छातीवर बसतो. सुगी सरून थंडी पडू लागली की हा प्रदेश सायकलला खरा मोकळा होतो. तूर पिवळी फुललेली असते, हरभरा घाट्यांवर येऊ लागतो, ज्वारी कमरेच्या वर जाते.

त्याआधी, सोयाबीनच्या राशी होतात तेव्हा, या रस्त्यांवर वेगळंच चित्र दिसतं. मळणी यंत्रातून निघालेलं सोयाबीन डांबरावर पसरलेलं असतं. अर्धा रस्ता धान्याचा, अर्धा येणाऱ्या-जाणाऱ्याचा. कडेनं दगड मांडून हद्द आखलेली, आणि पायानं धान्य वरखाली करत एखादी आजी फिरत असते. गाडीवाल्याला ही अडचण वाटते. मला वाटतं, रस्ता कुणाचा, या प्रश्नाला गावानं दिलेलं हे उत्तर आहे. ज्या गावात खळी उरली नाहीत तिथं रस्त्यानं खळ्याचं काम पत्करलं. शेळ्यांचा कळप, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, आठवीपासून सरकारी सायकलीवर शेजारच्या गावच्या शाळेला जाणाऱ्या मुली, या सगळ्यांना तो पुरतो, कारण त्याच्यावर कुणालाच घाई नसते. निवांतपणाची चैन आपल्यासारख्या हौशी माणसापुरती असेल. त्या मुलीच्या बाबतीत तो तिच्या शिक्षणाचा आधार आहे. रस्ता धास्तीचा झाला की सायकल घरी राहते, आणि मुलगीही.

या रस्त्यांच्या पोटात काय आहे, हेही ठाऊक असावं. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याची होरपळ झाली. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात 50 लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामांवर होती. तलाव, नालाबांध आणि रस्ते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्या दिवसांत राज्यभर पसरली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. खडी फोडायला बायाच अधिक असायच्या. उन्हात बसून हातोडीनं दगडाची गिट्टी करायची, संध्याकाळी तिचं माप व्हायचं, आणि पोटाला सुकडी. ती पिढी आता थकली आहे. पण अमक्या रस्त्याची खडी आम्ही फोडली, असं सांगताना आजही त्या बायांचा आवाज वेगळा लागतो. त्यात दुःख असतं आणि हक्कही असतो. पुढं या वाटांवर मुरूम पडला, डांबर आलं, योजनांची नावं बदलली. तळाशी मात्र त्यांच्या हातची खडी आहे. म्हणून अशा वाटेवर उताराला लागल्यावर मी मुद्दाम सावकाश जातो. भुकेल्या माणसांनी केलेला रस्ता भरधाव ओलांडणं मनाला पटत नाही.

आणि वर्षातून एक दिवस या रस्त्यांचं मोठेपण उघड दिसतं. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, बोलीत येळवस. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं आणि शिवार भरतं. जिल्ह्याला स्थानिक सुट्टी असते. डोक्यावर टोपली, हातात आंबिलाचं मडकं घेऊन घरंच्या घरं रानात निघतात. कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, पूजा झाली की भज्जी, उंडे, खीर आणि ताकातलं आंबील. सायकलवरून जाणाऱ्याला बांधावरून हाक येते, ‘कुण्या गावचं पाव्हणं? या की, दोन घास खाऊन जा.’ नाही म्हणायची सोय नसते. महामार्गावर अशी हाक मारताही येत नाही, ऐकूही येत नाही. हाक ऐकू येईल एवढाच वेग असलेला रस्ता, ही माझ्या मते चांगल्या रस्त्याची कसोटी आहे.

याचा अर्थ रस्ते कच्चेच राहावेत असा नाही. बाळंतीण अडली तर रुग्णवाहिका दारापर्यंत आली पाहिजे, एसटी पावसाळ्यातही आली पाहिजे. गावानं डांबर मागितलं ते हौसेनं नाही, चिखलानं जीव घेतले म्हणून. प्रश्न पुढचा आहे. पोचण्यासाठी रस्ता पक्का करणं वेगळं आणि पार होण्यासाठी तो रुंद करणं वेगळं. नांदेडहून उदगीरमार्गे बिदरला जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. व्यापाराला त्याची गरजही असेल. पण प्रत्येक रस्त्याची बढती व्हावी, ही अपेक्षा चुकीची आहे. इंग्लंडमध्ये 2000 सालच्या वाहतूक कायद्यानं काही ग्रामीण वाटा ‘शांत वाटा’ म्हणून जाहीर करण्याची सोय केली. तिथं गाड्यांना बंदी नसते, पण चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार यांचाही त्या वाटेवर तेवढाच हक्क मानला जातो. आपल्याकडं अशा वाटा निर्माण कराव्या लागणार नाहीत. त्या आहेत. त्यांची कागदोपत्री नोंद घ्यायची, कडेची बाभूळ आणि लिंब राखायचे, शाळेच्या पट्ट्यात वेग बांधायचा, खड्डे वेळेवर बुजवायचे, आणि रुंदीकरणाचा प्रस्ताव आला की ग्रामसभेनं एवढंच विचारायचं, यानं आमच्या गावाला कोण येणार आहे, आणि आमच्या गावावरून नुसतं कोण जाणार आहे? या प्रश्नाचं उत्तर खरेपणानं दिलं गेलं, तर पुष्कळ रस्ते आहेत तेवढेच रुंद राहतील, आणि त्यावरून शाळेला जाणारी मुलगी उद्याही सायकलनंच जाईल.